वळिवड्याला चर्च चाललं, वडाळ्याला हॉल चालत नाही

२१ ऑगस्ट २०२४ ला आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच फोटो संध्याकाळपर्यंत पाच-सहा वेळा आला. पोलंडची राजधानी वॉर्सा, तिथलं कोल्हापूर स्मारक आणि त्याला फुलं वाहणारे पंतप्रधान. खाली "गर्व आहे", "जय शिवराय", भगवे झेंडे, टाळ्या. मी मूळचा कोल्हापूरकडचा म्हणून दोघातिघांनी मला मुद्दाम टॅग केलं. मीही हात जोडले. छाती थोडी फुगलीच होती, खोटं कशाला बोलू.

गेल्या पंधरवड्यात त्याच ग्रुपमधल्या त्याच लोकांनी आठ मणिपुरी पोरापोरींना सोसायटीचा हॉल नाकारला. त्यांना तो रविवारी दोन तास प्रार्थनेसाठी हवा होता, भाडं देऊन. ती ख्रिस्ती आहेत एवढंच कारण. मी त्या मीटिंगला हजर होतो आणि गप्प बसलो. ही पोस्ट त्याबद्दल आहे. लांब आहे. शिव्या द्यायच्या असतील तर शेवटपर्यंत वाचून द्या, मग जास्त नेमक्या देता येतील.

आधी वळिवडे सांगतो. कारण ज्याचा गर्व आहे ते नेमकं काय होतं हे आपल्याला ठाऊक नसतं. मलाही नव्हतं.

लहानपणी जूनच्या आधी आई आम्हाला गांधीनगरला न्यायची. कोल्हापूर-सांगली पट्ट्यातल्या कुणालाही विचारा, लग्नाचा बस्ता आणि युनिफॉर्मचं कापड म्हणजे गांधीनगर. सिंधी व्यापाऱ्यांची होलसेल पेठ. घासाघीस करायची, कापड घ्यायचं, भेळ खायची, एसटीने परत. ह्या पेठेखालच्या जमिनीवर एके काळी पोलंडची पाचेक हजार माणसं राहून गेली हे मला शाळेत कुणी सांगितलं नाही. जर्नलिझमचा डिप्लोमा करताना एका सरांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, सर थापा मारतायत.

१९३९ च्या सप्टेंबरात पोलंडवर पश्चिमेकडून हिटलर चालून आला आणि सतरा तारखेला पूर्वेकडून स्टालिनचं सैन्य. पूर्व पोलंडमधल्या लाखो माणसांना पुढच्या दोन वर्षांत मालगाड्यांत कोंबून सैबेरियात, कझाकस्तानात नेऊन टाकलं. थंडी, उपासमार, रोगराई. १९४१ साली हिटलर रशियावरच उलटला, स्टालिनला दोस्त हवेसे झाले, आणि ही माणसं सुटली. सुटली म्हणजे काय, तर जी वाचली ती कशीबशी इराणला पोचली. पुरुष बरेचसे फौजेत गेले. उरल्या बायका, म्हातारी माणसं आणि पोरं. परत जायला घर नाही, आणि ज्याला घर म्हणायचं तो मुलूख दुसऱ्याच्या ताब्यात.

जामनगरच्या जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी बालाचडीला मुलांसाठी छावणी उभारली, ती गोष्ट आता बऱ्याच जणांनी वाचलेली असते. त्या मुलांच्या पहिल्या तुकडीने सुरुवातीचे दिवस आपल्या वांद्र्यात काढले होते, हे मात्र मुंबईकरांनाही ठाऊक नसतं. खंगलेल्यांना पाचगणीच्या हवेवर ठेवलं. आणि १९४३ पासून भारतातली सगळ्यात मोठी पोलिश वस्ती उभी राहिली ती कोल्हापूर संस्थानात, वळिवड्याला. बराकींच्या रांगा, पोलिश भाषेतल्या शाळा, दवाखाना, नाटकाचा रंगमंच, स्काउटची पथकं. आणि त्यांचं चर्च. बहुतेक सगळे कॅथलिक होते. पाच वर्षं दर रविवारी कोल्हापूरच्या वेशीवर लॅटिन आणि पोलिश भाषेत प्रार्थना झाल्या आणि महालक्ष्मीच्या देवळाचा एक चिराही हलला नाही.

इथे एक खुलासा करतो, नाहीतर उद्या कुणी इतिहासवाला कमेंटमध्ये माझी हजेरी घेईल. ह्या छावणीचा खर्च लंडनमधल्या पोलिश सरकारच्या नावावर होता आणि कारभारात इंग्रज होतेच. कोल्हापूरच्या गादीवर कर्ता राजाही नव्हता. राजाराम महाराज १९४० सालीच गेले, दत्तक घेतलेले शिवाजी महाराज दीड-दोन वर्षांचं बाळ, राज्य चालत होतं महाराणी ताराबाईंच्या आणि रीजन्सी कौन्सिलच्या हातून. म्हणजे एका उदार राजाने हात वर केला आणि सगळं झालं, अशी ही गोष्ट नाही. मला तर ती त्यामुळेच जास्त आवडते. आजूबाजूच्या खेड्यांतल्या हजारो साध्या माणसांनी ही गोरी, वेगळ्या देवाची, वेगळं खाणारी, बायका उघड्या डोक्याने सायकलवर फिरणारी वस्ती पाच वर्षं निभावून घेतली. दूध घातलं, भाजी विकली, चार पैसे मिळवले. एक मुलगी तर इथल्याच माणसाशी लग्न करून कोल्हापूरची होऊन राहिली. कुणी मोर्चा काढल्याचं मी तरी कुठे वाचलेलं नाही.

आणि साल बघा. १९४३. त्या वर्षी बंगालमध्ये लाखो माणसं अन्नावाचून मेली. देश गुलाम, बेचाळीसच्या चळवळीतली माणसं तुरुंगात, धान्य रेशनवर. "आधी आपल्या माणसांचं बघा, मग परक्यांचं" असं म्हणायला ह्याहून भक्कम निमित्त कुणाला मिळणार होतं?

१९४८ पर्यंत ही माणसं निघून गेली आणि त्याच बराकींत फाळणीत सगळं गमावून आलेली सिंधी हिंदू कुटुंबं राहायला आली. तेच आजचं गांधीनगर. ज्या भिंतीला एका निर्वासित बाईने मेरीची तसबीर लावली असेल, त्याच खिळ्याला दुसऱ्या निर्वासित बाईने झुलेलालची लावली असेल. आईबरोबर कापड घेताना मी ज्या गल्लीत भेळ खाल्ली, ती गल्ली दोन वेगवेगळ्या युद्धांतून, दोन वेगवेगळ्या देवांना घेऊन आलेल्या माणसांची आहे.

आता वडाळा.

हॉल मागायला आलेला मुलगा दादरला एका सलूनमध्ये काम करतो. मी त्याच्याकडे केस कापतो म्हणून ओळख. बाकीच्यांत दोघी नर्सिंगला, कुणी हॉटेलात, कुणी कॉल सेंटरला. सध्या आमच्या मागच्या गल्लीत दहा बाय बाराच्या खोलीत जमतात, गाणं म्हटलं की मालक दार वाजवतो. म्हणून रीतसर अर्ज केला. मीटिंगमध्ये अर्ज वाचून दाखवला आणि पहिलाच आवाज आला, "आज प्रार्थना, उद्या धर्मांतर." दुसरा म्हणाला, "हॉल धार्मिक कार्यासाठी नाहीच." हे म्हणाला तेव्हा त्याच्या पाठीमागच्या भिंतीवर माघी गणपतीच्या वर्गणीचा बोर्ड होता. ह्या हॉलमध्ये सत्यनारायण होतो, हळदीकुंकू होतं, दर गुरुवारी नामस्मरण असतं, आणि ते असावंच, मीही प्रसादाला जातो. फक्त दुसऱ्या मजल्यावरच्या काकू बोलल्या, "अहो, प्रार्थनाच करणार ना? मग काय झालं?" त्यांना कुणी उत्तर दिलं नाही. मी, जो वीस वर्षं लोकांच्या गप्प बसण्यावर अग्रलेख लिहितो, तो मोबाइलमध्ये बघत बसलो. दुसऱ्या दिवशी त्या मुलाला कळवायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं. तो कात्री न थांबवता म्हणाला, "रहने दो सर." एवढंच.

मग त्याने जे सांगितलं ते सांगतो. तो मैतेई आहे. मणिपूरच्या बातम्या वाचणाऱ्यांना इथे अडखळायला होईल, कारण आपल्या डोक्यात मैतेई म्हणजे हिंदू आणि कुकी म्हणजे ख्रिस्ती असं सरळ गणित बसवलेलं आहे. मैतेई बहुसंख्येने वैष्णव हिंदू आहेत हे खरं, सनामही हा त्यांचा जुना धर्म मानणारेही आहेत, पण मैतेईंमध्ये ख्रिस्तीही आहेत. थोडे आहेत. ३ मे २०२३ ला दंगल पेटली तेव्हा कुकी त्याच्या घरच्यांना मैतेई म्हणून शत्रू समजत होते आणि गल्लीतले मैतेई त्यांना ख्रिस्ती म्हणून. त्याचं घर वाचलं. चर्च वाचलं नाही. त्याच्या मावशीसमोर कागद ठेवला गेला, धर्म सोडला अशी सही कर, मग राहा. मावशीने सही केली. त्याबद्दल तो तिला काही म्हणत नाही. फक्त म्हणाला की मावशी फोनवर आता गाणं म्हणत नाही.

मणिपूरची लढाई मुळात धर्माची नाही, जमीन, आरक्षण, सत्ता ह्यांची आहे, असं मला हमखास सांगितलं जाईल. मान्य. मीही तेच लिहिलंय. पण मग देवळं आणि चर्च कशाला जाळली? सप्टेंबर २०२३ मध्ये मणिपूर पोलिसांनीच दिलेला हिशेब होता: १७५ मृत्यू, पावणेपाच हजारांवर घरं जळालेली, आणि ३८६ प्रार्थनास्थळांची नासधूस. त्यांत २५४ चर्च आणि १३२ देवळं. हो, देवळंसुद्धा. ज्यांना फक्त चर्च दिसतात आणि ज्यांना फक्त देवळं दिसतात, दोघांनीही हा आकडा एकदा पूर्ण वाचावा. इंफाळचे आर्चबिशप डॉमिनिक लुमोन यांनी त्याआधी जूनमध्येच लिहिलं होतं की पहिल्या दीड दिवसात एकट्या मैतेई ख्रिस्तींचीच २४९ चर्च गेली, आणि भांडण कुकींशी असताना मैतेई वस्तीतली मैतेईंचीच चर्च का जाळली, असा त्यांचा सवाल होता. दोन्ही आकड्यांचा मेळ बसत नाही; असल्या ठिकाणी तो लवकर बसतही नाही. पण सवाल तर बसतो ना?

मृतांचा आकडा नंतर अडीचशेच्या पुढे गेला. साठ हजारांच्या आसपास माणसं घराबाहेर पडली. आपल्याच देशात, आपल्याच पासपोर्टची माणसं छावण्यांत. मधे बफर झोन, अलीकडचा पलीकडे जाऊ शकत नाही. दुसऱ्या एखाद्या देशात हे चाललं असतं तर आपण त्याला बिनदिक्कत युद्ध म्हटलं असतं.

आणि दुसऱ्या देशांतलं आपल्याला बरोबर दिसतं, हेच तर माझं दुखणं आहे. त्याच २०२३ साली, ऑगस्टमध्ये, पाकिस्तानी पंजाबात जडांवाला इथे कुराणाच्या विटंबनेचा आरोप झाला आणि जमावाने ख्रिस्ती वस्ती आणि चर्च पेटवली. आमच्या ग्रुपवर त्याचे व्हिडिओ आले, "बघा तिकडे अल्पसंख्याकांचं काय होतं." २०१४ साली इराकमधल्या मोसूलला 'इसिस'ने ख्रिस्तींच्या घरांवर 'नून' हे अरबी अक्षर रंगवलं, नसरानी म्हणजे ख्रिस्ती अशी खूण म्हणून. धर्म बदला, जिझिया द्या, नाहीतर मरा. जवळपास दोन हजार वर्षं जिथे प्रार्थना झाली ते शहर काही दिवसांत ख्रिस्तींविना झालं. त्याही वेळी हळहळ होती आणि ती बरोबरच होती. पण मग २५४ चर्चवर आमच्या ग्रुपवर एक ओळ का नाही आली? ख्रिस्ती माणसाचं दुःख आम्हाला तेव्हाच दिसतं का, जेव्हा मारणारा आमच्या सोयीचा असतो?

हे उलटंही खरं आहे. बांगलादेशात हिंदूंची घरं आणि देवळं फुटली तेव्हा माझ्या पुरोगामी मित्रांपैकी कितीजण "आधी बातमीची खातरजमा करू" म्हणत महिनाभर खातरजमाच करत राहिले. त्यावरही मी लिहिलं होतं, तेव्हा तिकडून शिव्या आल्या. आज इकडून येतील. ढाक्यातला हिंदू, जडांवालातला ख्रिस्ती, इंफाळमधला मैतेई ख्रिस्ती आणि चुडाचांदपूरमधलं देऊळ, ह्या सगळ्यांना मोजायला माझ्याकडे एकच फूटपट्टी आहे. दुसरी घ्यायला पैसे नाहीत.

"पण धर्मांतराचं काय?" येणारच हा प्रश्न, आणि तो टाळणार नाही. गेल्या वर्षी म्हणजे २०२५ मध्ये सांगलीत एका गरोदर सुनेने आत्महत्या केली. सासरचे धर्मासाठी छळत होते असा आरोप होता. हा गुन्हा असेल तर कायद्याने कडक शिक्षा झाली पाहिजे, त्यात चर्चेला जागाच नाही. पण त्यानंतर एका आमदारांनी धर्मगुरूंना चोपणाऱ्यांसाठी लाखांची बक्षिसं जाहीर केली, भर सभेत, माईकवरून. जुलैमध्ये ख्रिस्ती माणसं आझाद मैदानावर जमली ती त्यासाठी. ज्या राज्यात ख्रिस्ती २०११ च्या जनगणनेत शंभरात एकसुद्धा भरत नाहीत, ०.९६ टक्के, त्या राज्यात बहुसंख्याकांना त्यांची एवढी भीती वाटावी? जबरदस्ती, आमिष, छळ ह्यांच्याविरुद्ध पोलीस आहेत, कोर्ट आहे. संशय हा पुरावा झाला आणि बक्षीस ही शिक्षा झाली की मग मोसूलच्या दारावरचं अक्षर आणि आपल्यात फरक उरतो तो फक्त रंगाच्या डब्याचा.

आणि हे ख्रिस्ती बाहेरचे कधीपासून झाले? लोकमान्यांचे वकील आणि त्यांच्या होमरूल लीगचे अध्यक्ष जोसेफ बाप्टिस्टा माझगावच्या माथारपाखाडीतले, सगळी मुंबई त्यांना काका म्हणायची, १९२५ साली शहराचे महापौर झाले. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी बायबल अशा मराठीत आणलं की साहित्य अकादमीने पुरस्कार दिला, आणि २०२० ला उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून त्यांची निवड झाल्यावर त्यांच्याविरुद्ध धमक्यांचे फोन गेले. पाद्री कशाला, म्हणे. पाठीच्या दुखण्याने बेजार असलेला तो माणूस तरीही गेला आणि बोलून आला.

आमच्या भागाचंच बघा. दादरला गोखले रोडवर पोर्तुगीज चर्च आहे. मूळ स्थापना १५९६ ची, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनी जन्मायच्या आधीची. आजची इमारत चार्ल्स कोरियांची. बेस्टच्या स्टॉपलासुद्धा तेच नाव. आषाढीला कात्रक रोडवरच्या विठ्ठलाला रांग लागते, अँटॉप हिलला शेख मिस्रींचा दर्गा आहे, मधे पारशी कॉलनी, माटुंग्याला डॉन बॉस्कोची मेरी, तिच्यापुढे मेणबत्ती लावायला जाणाऱ्या निम्म्या बायका हळदीकुंकवाच्या. आणि ज्या कमिटीने "उद्या धर्मांतर" म्हटलं, त्यातल्या चौघांची पोरं कॉन्व्हेंटला आहेत. अ‍ॅडमिशनच्या वेळी पहाटे पाचला गेटबाहेर बसलेले मी स्वतः बघितलेत, थर्मास घेऊन. शाळेत दहा वर्षं सकाळची प्रार्थना म्हणून एकाही पोराचं धर्मांतर झालं नाही. माझी मुलगीही त्यातच. ती अजून मोदक बिघडवते, पण ते तिच्या आजीकडून आलंय.

वळिवड्याला मिळालेल्या कौतुकातला वाटा आपल्याला हवा असेल तर तिथे काय केलं गेलं ते तरी करायला हवं. तिथल्या माणसांनी आलेल्यांना जागा दिली आणि त्यांचा देव त्यांच्याकडे राहू दिला. प्रार्थना सोडा मग राहा, असं म्हटलं नाही. वॉर्सामध्ये दगडावर कोल्हापूरचं नाव कोरलं गेलं ते ह्यासाठी. त्या नावापुढे हात जोडायचे आणि आठ पोरांना प्रार्थनेला खोली नाकारायची, हे दोन्ही एका माणसाला जमतं कसं, हे मला खरंच विचारायचंय. मला स्वतःलाही, कारण इमोजी मीही टाकला होता आणि मीटिंगमध्ये गप्पही मीच होतो.

तर येत्या रविवारी सकाळी १० वाजता सोसायटीची विशेष सभा आहे. विषय पाण्याच्या टाकीचा होता, त्यात आम्ही हॉलचा विषय लेखी दिलाय. फ्लॅट बायकोच्या नावावर आहे, त्यामुळे ठरावाची सूचक ती, अनुमोदक दुसऱ्या मजल्यावरच्या काकू. ठराव साधा आहे: हॉल सगळ्या सभासदांना आणि सभासदाच्या ओळखीने येणाऱ्यांना, धर्म न विचारता, एकाच भाड्यात आणि एकाच नियमांत. आवाजाची मर्यादा सगळ्यांना सारखी, गणपतीच्या डीजेलासुद्धा. पडला तर पडला, पण कोण कुठल्या बाजूला होतं ते ह्या वेळी इतिवृत्तात लिहून घेणार आहे. सोसायटीतले जे ही पोस्ट वाचतायत, आणि वाचतायत हे मला माहीत आहे, त्यांनी खाली भांडण्यापेक्षा रविवारी वर या.

त्या मुलाला काल सांगितलं की विषय परत काढतोय. तो आरशातून माझ्याकडे बघत थोडा वेळ थांबला. मग म्हणाला, "सर, मिल गया तो कुर्सी हम लोग खुद ले आएंगे."